मुनीमजींचं वाक्य

टीव्ही मालिकेत श्रीकृष्ण म्हाताऱ्या मुनीमजींचं काम करायचा. कथेत वारलेल्या थोरल्या मालकांचा फोटो सेटवर हवा होता, तेव्हा त्याने हौसेने आपल्या वडिलांचा दिला. बडोद्याच्या निजामपुऱ्यात थोरल्या बहिणीच्या, कमलाताईच्या घरी भिंतीवरून पगडीतल्या अण्णांना त्याने स्वतः उतरवून नेलं. आठ महिने ताई रोज साडेसातला शेजारणींना बोलावून टीव्हीवर अण्णा दाखवत होती.

मग कथानक फिरलं. थोरले मालक लबाड निघाले. सुनेने फोटोला चपलांचा हार घातला आणि मुनीमजींच्या तोंडी वाक्य आलं, "हा माणूस चोर होता!" फोटो बदला, एवढंच दिग्दर्शकाला सांगायचं होतं. पण पंचवीस वर्षांत श्रीकृष्णाला पहिल्यांदाच क्लोजअप मिळत होता. तो गप्प बसला.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन बडोद्याला आला. भिंतीवर फोटोच्या जागी अजून फिकट चौकोन होता. ताईने पदराने काच पुसली.

"शेजारच्या नीराबेन म्हणाल्या, भाईची ॲक्टिंग सरस होती हं."

फोटो तिच्या हातातून घेऊन त्याने खिळ्याला अडकवला.

"ते वाक्य म्हणताना अडखळला असशील ना रे? कितीदा म्हणवून घेतलं तुझ्याकडून?"

दहा-बारा वेळा, असं सांगणं सोपं होतं. ताई त्यासाठीच तर विचारत होती.

"एकदाच," तो खाली बघून म्हणाला. "पहिल्याच टेकला ओके झालं, ताई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कारही केला."