पालकांना सोडायला

पहिलीचा वर्ग मागून मागून सहा वर्षांनी बाईंना मिळाला. तोवर त्या सातवीला अपूर्णांक शिकवत होत्या, आणि ते शिकवता शिकवता त्यांचा आवाज असा काही तयार झाला होता, की त्यांनी "गप्प" म्हटलं की शेजारच्या वर्गातले सरसुद्धा बोलायचे थांबत. दर वर्षी त्या अर्ज करायच्या आणि दर वर्षी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चष्मा पुसत म्हणायच्या, की तुमच्या आवाजानं लहानगी भेदरतील हो. यंदा पहिलीच्या जुन्या बाई निवृत्त झाल्या, दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा वर्ग यांच्या पदरात पडला. पण अटीवर. दुसऱ्या सोमवारी अकरा वाजता मोठ्या बाई बघायला येणार. दार लावलेलं, मुलं जागेवर, रडारड नाही आणि वर्गात एकही मोठं माणूस नाही, असं दिसलं तर वर्ग वर्षभर यांचा. नाहीतर तो चित्रकलेच्या सरांना, आणि बाई परत अपूर्णांकांकडे.

बाईंनी सगळी सुट्टी घरातल्या कपाटापुढे उभं राहून हळू बोलायचा सराव केला. कपाट घाबरलं नाही, एवढ्यावर त्या खूश होत्या.

मोठ्या माणसांचा प्रश्न निघाला तो मोठ्या बाईंच्याच सूचनेमुळे. मुलं रुळेपर्यंत, म्हणजे पहिले तीन दिवस, पालकांनी वर्गात मागे बसलं तरी चालेल, असं त्यांनी फाटकावर लावलं होतं. पहिल्या दिवशी सव्वीस मुलं आली आणि एकतीस पालक. एका मुलाबरोबर आई, बाबा, मावशी आणि मावशीची मैत्रीण अशी चौघं होती. मैत्रीण कशाला आली ते कुणी विचारलं नाही, पण सगळ्यात आधी रडली ती. मधल्या सुट्टीपर्यंत मुलांनी रडून घेतलं आणि ती मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी एकही मूल रडलं नाही. पालक मात्र बसायला उशा घेऊन आले, कारण पहिलीच्या खुर्च्यांवर गुडघे कानाला लावून बसावं लागे.

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, तीन आणि दोन किती. मुलं बोटं उघडत होती तेवढ्यात पालकांतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी हात वर केला. बाईंनी दुर्लक्ष केलं, तर तो हात त्यांनी दुसऱ्या हातानं धरून आणखी वर केला. त्यांचा मुलगा मान खाली घालून बसला. शेवटी बाईंनी विचारलं, डॉक्टर म्हणाले पाच, आणि बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "शाब्बास." तिथंच घोडं अडलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते बाकी तिसांनी बघितलं, आणि इतक्या वर्षांत आपल्याला कुणी शाब्बास म्हटलं नाही हे एकेकाच्या लक्षात येत गेलं.

गुरुवारी मुदत संपली. बाईंनी हात जोडून सांगितलं, आता मुलं रुळली, तुम्ही आपापल्या कामाला लागा. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाचं म्हणणं पडलं की बाकीच्यांनी खरंच जायला हवं. कुणाचाच पाय निघेना. दुपारपर्यंत खिडकीच्या जागेवरून दोन बाबांची जुंपली, एक आई पुढे येऊन सांगून गेली की हे मला फळा दिसू देत नाहीत, आणि चौघांनी मिळून तक्रार केली की घरचा अभ्यास फारच कमी मिळतो.

या सगळ्यांत शहाणा म्हणावा असा एक बसचा ड्रायव्हर होता. धिप्पाड माणूस, बोलणं कमी. त्याची मुलगी गोल, बुटकी आणि गळ्यापर्यंत बटणं नीट लावलेली, म्हणून तिला तिच्या बापासकट सगळे बटण म्हणत. ड्रायव्हरनं जिभेचं टोक दातांत धरून एक सफरचंद असं रंगवलं, की रंगाचा एक कण रेघेबाहेर गेला नाही. बाईंनी त्याच्या हातावर तारा काढला. दुसऱ्या दिवशी बटणनं बातमी आणली की आंघोळीच्या वेळी बाबांनी त्या हाताला पिशवी बांधली होती.

शुक्रवारपर्यंत पुढच्या खुर्च्या पालकांच्या झाल्या होत्या आणि मुलं मागच्या भिंतीशी उशांवर बसली होती. दिसत काही नव्हतं, पण लक्ष होतं. कुणाचं नाक पुसायचं राहिलं तर मागून एक लहान हात रुमाल घेऊन यायचा. ड्रायव्हरला पाण्याच्या बाटलीचं झाकण निघेना, तेव्हा बटणनं जाऊन ते काढून दिलं आणि येता येता बाईंना समजावलं, "माझे बाबा नवीन आहेत. त्यांना अजून सवय नाही."

मग बाईंनी तो आवाज काढला. सातवीचा. "गप्प."

मुलांना तो इतका आवडला की पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा झालं. पालक ताठ बसले, हाताची घडी घातली, आणि जागचे हलले नाहीत. मावशीच्या मैत्रिणीला रडू फुटलं, तिला पाणी द्यावं लागलं. त्या गडबडीत दारात एक पंचाहत्तरीच्या आजी येऊन उभ्या राहिल्या. हातात स्वेटर. त्या दातांच्या डॉक्टरांच्या आई होत्या. आमचा रुळला का, त्यांनी हळूच विचारलं. लहानपणी मला फार चिकटून असायचा, मी जरा मागे बसते. बाई काही बोलायच्या आत आजी बसल्यासुद्धा. बत्तीस.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. सगळे गेल्यावर बाईंनी कपाटातून सातवीची जुनी वही काढली आणि ती मांडीवर घेऊन बसल्या. ड्रायव्हरचं वहीतलं घराचं चित्र रंगवायचं राहिलं होतं म्हणून तो अजून पुढच्या खुर्चीवर होता, आणि बटण त्याच्यासाठी थांबली होती. ती बाईंजवळ आली आणि रडताय का म्हणाली. बाई म्हणाल्या, छे, खडूची धूळ. मग त्यांना वाटलं, हिच्याशी काय खोटं बोलायचं. सोमवारी ही मोठी माणसं इथं दिसली तर मला पहिलीतून काढणार, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

बटणनं बापाकडे बघत विचार केला. "त्यांना कामावर सोडायला कोण जातं?"

"कुणी नाही. मोठी माणसं एकेकटी जातात."

"म्हणूनच," बटण म्हणाली.

सोमवारी प्रार्थना झाल्याबरोबर रांग लागली. प्रत्येक मुलाच्या हातात आपापलं मोठं माणूस. मावशीच्या मैत्रिणीला कुणाचा हात उरला नव्हता, म्हणून तिचा बाईंनी धरला. पहिला दवाखाना लागला. पायरीवर गुरुवारपासूनचे लोक गालाला हात लावून बसले होते. डॉक्टरांच्या मुलानं बापाला आत नेऊन पांढरा कोट घातला आणि बजावलं, डबा संपवायचा, कुणाला चावायचं नाही, आणि कुणी चावलं तर मोठ्यांना सांगायचं. आजींना त्यानं बाहेरच्या बाकावर बसवलं. त्यांनी तिथं बसायची कित्येक वर्षं वाट बघितली असावी, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं. मग बँक, मग शिवणाचं दुकान, मग सरकारी कचेरी, जिथं तिघांना एकाच टेबलापाशी सोडलं तर ती बिलगूनच बसली. मैत्रीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काउंटरमागे जाताना तिनं बाईंचा हात दोनदा सोडला आणि दोनदा धरला.

सगळ्यात कठीण गेलं बसच्या आगारात. ड्रायव्हर स्टिअरिंगपुढे बसला आणि उतरला. पुन्हा बसला, पुन्हा उतरला. मागे भरलेली बस. तेव्हा बटण वर चढली आणि त्याचं मनगट धरून घड्याळावर बोट ठेवलं. छोटा काटा इथं आणि मोठा इथं आला की मी फाटकात असेन, ती म्हणाली.

"आणि तुला उशीर झाला तर?"

"तर तिथंच थांबायचं. दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नाही."

बस हलली. वळण येईपर्यंत ड्रायव्हर खिडकीतून हात हलवत होता, आणि त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून प्रवासीही हलवत होते.

बत्तीस माणसं सोडायची म्हणजे वेळ लागतो. परत आले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. रिकाम्या वर्गात मोठ्या बाई पहिलीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघे कानाला लावून, हातात कागद. अकरा म्हणजे अकरा, असं त्या म्हणाल्या, आणि अकराला इथं एकही मूल नव्हतं. मुलं मात्र आत आली, आपापल्या जागी बसली, वह्या उघडल्या आणि उभ्या रेघा काढायला लागली. कुणीतरी दार लावून घेतलं. इतकं शांत झालं की पेन्सिली ऐकू यायला लागल्या.

मोठ्या बाई बघत राहिल्या. रडलं का कुणी, त्यांनी विचारलं. पाच जण, बाई म्हणाल्या, पण आम्ही वळल्यावर थांबले असतील. मोठ्या बाईंनी कागदाची एक घडी घातली आणि उलगडली. बाईंना वाटलं, आता चित्रकलेच्या सरांचं नाव. पण मोठ्या बाईंनी खुर्ची थोडी खिडकीकडे ओढून घेतली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मी बसते जरा. म्हणजे, तुमचं नीट चाललंय का तेवढं बघते."

बटणनं पेन्सिल खाली ठेवली. उठली, मोठ्या बाईंपुढे जाऊन हात पुढे केला आणि म्हणाली, "चला."

मोठ्या बाई चालायला लागल्या. व्हरांड्यातून, जिन्याजवळून, थेट त्यांच्या खोलीपर्यंत. मागून बाई, काय होतंय ते न कळून. बटणनं त्यांना मोठ्या खुर्चीत बसवलं, पेन हातात दिला, सह्या करायच्या म्हणून सांगितलं, आणि चार वाजता आम्ही येऊ म्हणाली. मोठ्या बाईंनी पहिली सही हातातल्या कागदावर केली. पहिलीचा वर्ग, पूर्ण वर्ष, पुढे बाईंचं नाव. कागद बाईंच्या हातात देताना त्यांनी बटणकडे बघितलं.

"सगळे येणार की तू एकटीच?"

"सगळे."

बाईंनी दार हळूच ओढून घेतलं. दोन पावलं गेल्या असतील, तर आतून हुंदका ऐकू आला. त्या थबकल्या, कडीकडे हात गेला. बटणनं त्यांच्या बाहीला धरून ओढलं.

"आत जायचं नाही," ती म्हणाली. "आपण दिसलो की जास्त रडतात."