खमीर उठलंच नाही

फुंकरबाबांच्या दारापुढची रांग पार चौकापर्यंत आली होती. जिभेवर पांढरा थर साठलेली माणसं आत जायची. बाबा "कटू बोलण्याचा थर आहे" म्हणून फुंकर घालायचे, तीन दिवसांची पूड द्यायचे आणि थर जायचा. काही दिवसांनी तो परत आला, की बाबा म्हणायचे, पुन्हा कटू बोललात.

माझी भाची, दादाची लेक, चार महिन्यांची, तिला बोलताच येत नव्हतं. वहिनीने बाबांची पूड देऊनही थर दुसऱ्यांदा आला आणि ती दूध ओढेना, वजन घटू लागलं. मी औषधांच्या दुकानात कामाला. डॉक्टरांकडे नेऊ म्हटलं, तर वहिनीने मलाच गप्प केलं.

"ताई, गुण आलेला मी डोळ्यांनी पाहिलाय."

तिची श्रद्धा एवढी, की दादाच्या बेकरीची भरभराट व्हावी म्हणून तिने उरलेली पुडी खमिराच्या भांड्यात रिकामी केली. बारा वर्षं लेकरासारखं जपलेलं खमीर! सकाळी त्यात एक बुडबुडा नव्हता. दादाने कपाळाला हात लावला.

माझी मात्र ट्यूब पेटली. खमीर म्हणजे जिवंत यीस्ट, जिभेवरचा थर ज्या बुरशीचा असतो तिचं भावंडच. दोघांनाही मारणारी ही पूड कसली? बाबांचा शिष्य दर आठवड्याला आमच्याच दुकानातून बुरशीवरच्या गोळ्या नेत होता, बाबांचा घसा नाजूक आहे म्हणून. आणि बांधून देत होते मीच, मोठी शहाणी.

दादाने रांगेसमोर टेबल मांडून ताज्या यीस्टचं पीठ तीन वाट्यांत भरलं. एक नुसती, एकीत पूड, एकीत मी कुटलेल्या त्याच गोळ्या. दोन तासांनी नुसती वाटी तेवढी फुगून वर आली.

मी सांगितलं, यीस्टच्या पेशीच्या आवरणात एक खास चरबी असते. औषध तिला चिकटून भोकं पाडतं, आतलं सगळं गळून जातं आणि पेशी मरते. आपल्या पेशींत ती चरबी नसते, म्हणून आपण वाचतो. तीन दिवसांत थर दिसेनासा होतो, पण उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात.

बाबा म्हणाले, "यीस्टला श्रद्धा कुठे असते?"

"म्हणूनच ते फसलं नाही," वहिनी म्हणाली. "मी फसले."

ती तशीच लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी लिहून दिलेले बुरशीवरचे थेंब पूर्ण दोन आठवडे दिले आणि पोर पोटभर दूध पिऊ लागली. तुम्हीही बरं वाटलं म्हणून हात जोडण्याआधी एवढं विचारा: यात काय आहे आणि ते किती दिवस घ्यायचं? जो उत्तर देणार नाही, त्याची पूड तोंडात घालू नका.