सहाव्या मजल्यावरची गॅलरी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कर्जतच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवतोय, पण स्वतःच्या जिवाचा हिशेब मला कधी धीराने मांडता आला नाही. घर घ्यायचं ठरल्यापासून मी तीन घरं नाकारली होती. पहिलं उल्हास नदीच्या जवळ, म्हणजे पूर. दुसरं डोंगराच्या पायथ्याशी, म्हणजे दरड. तिसऱ्याच्या जिन्याला खिडकीच नव्हती, आग लागली तर माणसाने जायचं कुठून? तिसऱ्यानंतर माझी बायको अबोली आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

नवव्या दिवशी तिने माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

"शपथ घे, अनुपम. आता घर बघताना भीतीचा एक शब्द काढायचा नाही. काढलास तर मी एकटी घर घेईन आणि एकटी राहीन."

ती चेष्टा करत नव्हती. नुकतेच धुतलेले तिचे केस माझ्या तळव्याला ओले लागत होते. मी शपथ घेतली.

मग तिने रसायनीची ती इमारत शोधून काढली. पाताळगंगा नदीपासून जरा वर, आठ मजली. साठ वर्षांपूर्वी एका कारखान्याने आपल्या साहेबलोकांसाठी बांधलेली. पुढे कारखाना बंद पडला, साहेब गेले आणि फ्लॅट एकेक करून विकले गेले. अबोली चित्रकला शिकवते, तिला तर वेडच लागलं. सरळ सपाट रेषा, सिमेंटची जाळी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खिडक्या, पायाखाली मोझॅक. "आताच्या बिल्डरला अशी एक रेघ तरी ओढता येईल का?" असं ती मला दिवसातून चारदा विचारायची. सगळ्यात जास्त जीव तिचा गॅलरीवर. खोलीएवढी गॅलरी, इमारतीतून सरळ बाहेर आलेली, खाली खांब नाही की टेकू नाही. तिला ते सौंदर्य वाटायचं. मला वाटायचं, ही साठ वर्षं नुसती लाजेखातर उभी आहे. पण मी बोललो नाही. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं टोकन देऊन टाकलं.

नोंदणीचा दिवस आला. डिसेंबर होता, बाराची वेळ खालापूरला घेतलेली. त्याआधी एकदा मापं घेऊया म्हणून आम्ही दहालाच इमारतीत पोचलो. एजंट सहदेवने कुलूप उघडून दिलं आणि तो झेरॉक्स काढायला गेला. अबोली टेप आणि वही घेऊन थेट गॅलरीत. मी दारातच थांबलो.

"इथे माझं ईझल," ती म्हणाली. "इथे कुंड्या. आणि तुझी खुर्ची आतच ठेवू, भिंतीला चिकटून. खूश?"

मी हसलो आणि वर बघितलं. आमच्या गॅलरीचं छत म्हणजे सातव्या मजल्याच्या गॅलरीची लादी. तिची बाहेरची कड आणि आमच्या कठड्याची कड या दोन रेघा समांतर असायला हव्या होत्या. मी हात लांब करून डोळ्यासमोर पेन आडवं धरलं. उजवीकडे जुळत होतं. डावीकडे छत दोन बोटं खाली आलं होतं.

पुन्हा पेन धरलं. पुन्हा दोन बोटं.

तेवढ्यात वर काहीतरी धप्पकन पडलं आणि अबोलीच्या वहीवर चिमूटभर चुना सांडला. तिने फुंकर मारली. "जुन्या घरात एवढं चालायचंच," ती गुणगुणत म्हणाली.

काय सांगणार होतो? की पेनच्या मापाने छत वाकडं आहे? तीन घरांच्या वेळी मला असंच सगळं स्पष्ट दिसलं होतं. ती तिन्ही घरं आजही धडधाकट उभी आहेत, त्यात माणसं राहताहेत. माझ्या भीतीवर माझाच भरवसा उरला नव्हता. आणि अबोली इतकी आनंदात होती. मी दाराची चौकट घट्ट धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने पुन्हा धप्प झालं, मग पुन्हा. दर वेळी मी तिच्या डोक्याकडे बघायचो आणि मला शपथ आठवायची.

शेवटी राहवेना. "वरच्या शेजाऱ्यांना भेटून येतो," म्हणालो.

"जा की! ओळख होईल," ती म्हणाली. तिला किती बरं वाटलं!

सातव्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. गजाभाऊ आणि अंबूबाई, कुंभिवलीची शेतकरी माणसं. अर्धी जमीन हायवेला गेली, त्या पैशातून दिवाळीत हा फ्लॅट घेतलेला. उरलेल्या जमिनीतलं भात नुकतंच झोडून झालं होतं.

"या मास्तर, या! खालचं घर तुमीच घेताय नं?" गजाभाऊंनी पाठीवरची गोणी गॅलरीत नेऊन आदळली. धप्प.

गॅलरीच्या बाहेरच्या कडेला, कठड्याला टेकून, छातीएवढ्या उंच गोण्या रचल्या होत्या, डावीकडे जास्त. भिंतीकडची बाजू अगदी मोकळी. तिथे ताडपत्रीवर अंबूबाई सूप घेऊन बसल्या होत्या.

"किती आहेत?" मी विचारलं.

"बावन झाल्या. आठ ऱ्हायल्यात खाली."

"सगळ्या कडेला का? भिंतीजवळ का नाही?"

"भिंतीला ओल असते, मास्तर. भात भिंतीला टेकवलं का बुरशी धरते. माज्या बापानं भाताची कनगी कदी भिंतीला लावली नाय."

जमिनीवरच्या घरात ते अगदी बरोबर होतं. इथे बावन्न गोण्या, म्हणजे अडीच टनांहून जास्त वजन, नेमकं टोकाला. तरफेचं चित्र मी पोरांना फळ्यावर शंभरदा काढून दाखवलं आहे. खालून छत झुकलेलं दिसतंय, हे मी सांगायला लागलो तशा अंबूबाई हसल्या.

"सायबांसाठी बांधलेली हाय ती. काय व्हनार तिला?"

"साहेबांनी इथे खुर्च्या टाकल्या असतील, अंबूबाई. भात नाही! उठा तिथून."

मला राग आला होता, आणि रागाच्या भरात मी गॅलरीत पाऊल टाकलं. कडेपर्यंत सहा पावलं. दर पावलाला मी स्वतःचं वजन त्यात मिळवत होतो. कठड्यापलीकडे थेट खाली फाटक, त्याच्याजवळ झेरॉक्स घेऊन परतलेला, बोटाएवढा सहदेव. वरची एक गोणी खाली ओढली आणि तशीच फरफटत आत आणायला लागलो.

"अवो, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," म्हणत अंबूबाई उठल्या. गोणीबरोबर ताडपत्री सरकली.

उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर, मोझॅकला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेली होती. गजाभाऊ उकिडवे बसले. त्यांचं अख्खं बोट आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला गंज लागला होता.

"ताडपत्री हातरली तवा ही नव्हती," ते हळूच म्हणाले. "अंबू, आत ये गं. पटकन ये."

आणि मग मला आठवलं, अबोली बरोबर खाली उभी आहे.

"अबोली! आत हो! आधी आत हो!" मी गॅलरीच्या दारातून ओरडलो.

"झालं सुरू?" खालून आवाज आला. "मी काहीही ऐकलेलं नाही. समजलं?"

ती हलली नाही. टेपची पट्टी सर्रकन आत जाताना ऐकू आली, मग पुन्हा ओढल्याची. ओरडून उपयोग नव्हता, माझं ओरडणं तिने आयुष्यभर ऐकलं होतं. मी श्वास घेतला आणि वर्गात हजेरी घेतो त्या आवाजात म्हणालो, "अगं, अंबूबाईंनी चहा ठेवलाय. वर ये. निवतोय."

"आले हं. एवढं एक माप."

ते एक माप! गजाभाऊ श्वास रोखून होते. गोण्यांतून भाताचे दोनचार दाणे घरंगळले तरी मी दचकत होतो. खालची कडी वाजली. जिन्यावर चपला वाजल्या. मी पायऱ्या मोजल्या, मधेच चुकलो, पुन्हा मोजल्या.

ती आत आली, हसत. अंबूबाईंनी तिचा दंड धरला आणि बोटाने भेग दाखवली. अबोलीने गोण्या बघितल्या, भेग बघितली. वहीवरचा चुना तिने एकदा बोटाने चाचपला.

गजाभाऊ फोनवर वॉचमनला सांगत होते, या बाजूच्या गॅलऱ्यांत कुणाला उभं राहू देऊ नको. फोन ठेवून म्हणाले, "ताई, मास्तरांनी वाचवलं बघा. त्यांना खालूनच समाजलं."

"खालून?" अबोलीने माझ्याकडे बघितलं. "तुला कधी समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. "तू ईझलची जागा दाखवलीस तेव्हा."

तिने घड्याळ बघितलं. "अर्धा तास झाला त्याला. मी तिथे अर्धा तास उभी होते, अनुपम. आणि तू दारात."

"तूच शपथ घातली होतीस," मी म्हणालो. म्हणताक्षणीच ते किती घाणेरडं आहे हे मला कळलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सवयीचं होतं. ती एक पाऊल मागे सरली, माझ्यापासून, आणि तिने वही दोन्ही हातांनी छातीशी धरली. इतक्या वर्षांत मी तिला कधी घाबरलेली बघितली नव्हती.

लिफ्ट नको म्हणून आम्ही जिन्याने उतरलो. पहिल्या वळणावर मी तिचा हात धरायला गेलो. तिने कठडा धरला.