राणीच्या गालावरचा तांबूस ठिपका

मी खोटी नाणी जमवतो. खरी नाणी कुणीही जमवतं, खिशात पैसे असले की झालं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी लपूनछपून पाडलेला आणि भरबाजारात बेमालूम खपलेला रुपया हाती लागायला नशीबच लागतं. कसब चांगलं असेल, तर जाणकार अशा खोट्याला खऱ्यापेक्षा जास्त मोल देतात. बायकोला हे मला आजवर पटवता आलेलं नाही.

दसऱ्याला मखमलाबादला झेंडू आणायला गेलो होतो. तिथे माझ्या बहिणीच्या सासूबाईंचा, नवसाबाईंचा, फुलांचा मळा आहे. मी त्यांना मावशी म्हणतो. आलोच आहे तर देवापुढे हात जोडावेत म्हणून आत गेलो आणि तिथेच अडकलो. देव्हाऱ्यात राणीछाप रुपया होता, वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाने माखलेला. राणीच्या गालावरचं कुंकू मात्र जरासं निघालं होतं आणि तिथे चांदीतून तांबं डोकावत होतं. बाजरीच्या दाण्याएवढा ठिपका. तांब्याच्या चकतीवर चांदीचा मुलामा! इतका सुरेख खोटा रुपया मी जन्मात पाहिला नव्हता.

"माझ्या बापाचा हाय," मावशी म्हणाल्या. "घोटीला भात इकला, तवा व्यापाऱ्यानं दिलेला. माझ्या लग्नात बापानं माझ्या हातावर ठेवला. आमच्यात देवातला रुपया घासत नाय. लक्ष्मी झिजती."

"छान जपलाय," मी म्हणालो. एवढंच. खोटा आहे म्हटलं असतं तर त्यांना लागलं असतं, हे खरंच. पण त्याहून खरं म्हणजे मला तो हवा होता.

त्यानंतर माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. जेवताना राणी, स्कूटरवर राणी. बायको काय बोलतेय ते कानात शिरेना. दोनदा मखमलाबादच्या रस्त्याला लागलो आणि अर्ध्यातून परत फिरलो. देवातला रुपया मागायचा तरी कसा? मग सराफाकडून एक खरा राणीछाप विकत घेतला. त्याच्या जागी हा देऊ, देव्हाराही रिकामा राहणार नाही, असं स्वतःलाच समजावलं आणि मावशींना फोन केला.

"उद्या येतो. रुपयाचे फोटो काढायचेत."

"ये की! त्यात इचारायचं काय?"

त्याला हात लावू नका, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या 'का' विचारतील म्हणून गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर मावशी ओट्यावर बसून पदराने डोळे पुसत होत्या. समोर ताटलीत चिंचेचा कोळ, राख आणि तो रुपया. लालभडक. राणीच्या केसांत तेवढी कुठे कुठे चांदी उरली होती.

"तू फोटू काढणार, मंग काळामिट्ट कसा दाखवायचा? म्हून घासला," त्या म्हणाल्या. "आन् हा असा झाला. लक्ष्मी झिजली रे किशोर. माझ्या हातानं झिजली."

मला वाईट वाटलं. आधी रुपयासाठीच, खोटं कशाला सांगू?

"तू घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आता मला देवात ठेववत नाय."

हात पुढे केला की तो माझा होता. घासून मोल गेलं होतं, तरी मला हवाच होता. पण त्या आपल्या बोटांकडे अशा बघत होत्या की माझ्याच्याने राहवेना.

"मावशी, तुमच्या हातून काही झालं नाही. तो आतून तांब्याचाच आहे. पहिल्यापासून खोटा."

त्यांनी ताटलीतला रुपया उचलून हातात घेतला.

"म्हंजे त्या व्यापाऱ्यानं बापाला फसवलं," त्या म्हणाल्या. "गुडघाभर चिखलात राबला बिचारा, आन् हातात हे आलं. त्याला कळलं नाय, बरं झालं." त्यांनी रुपया पदराने कोरडा केला, आत जाऊन देव्हाऱ्यात ठेवला, त्याला कुंकू लावलं. मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुला कवा कळलं?"

"दसऱ्याला."

"मंग काल फोनवर, घासू नका, येवढं तरी म्हणायचं!"

माझा हात खिशात होता. मुठीत खरा रुपया होता. तो बाहेर काढायची माझी छाती झाली नाही.