खालची बैठक

खाली बसायला अक्कल लागत नाही. जमीन आपल्याला ओढूनच घेते. गुडघे कितीही कुरकुरले तरी माणूस खाली पोचतोच, तशी मीही पोचले आणि त्या पातळ उशीवर टेकल्यावर ऐटीत म्हणालेसुद्धा, "छान आहे हो जागा."

मग विचार आला, आता उठायचं कसं?

हॉटेल जपानी पद्धतीचं होतं. मांस-मासे आपल्यासमोर आपणच भाजून खायचे, असलं. लाकडी चौथरा, त्यावर चटया, चटयांवर बुटकी टेबलं. प्रत्येक टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी बसवलेली आणि तिच्या डोक्यावर धूर ओढून घेणारा नळ. आम्हाला कोपरा मिळाला होता. माझ्या पाठीशी कागदाची सरकती भिंत. तिच्यावर भार टाकला असता तर मी पलीकडच्या कुटुंबाच्या सूपमध्ये पडले असते. टेबल धरावं तर ते माझ्यासकट उलटेल असं हलकं. माझ्या शेजारी माझी लेक होती, जिला मी बयो म्हणते, आणि समोर जावई. पण त्यांचा हात धरला असता तर खेळ खलास.

कारण त्या दुपारी माझा निकाल लागायचा होता. गाडीत बसतानाच जावई म्हणाले होते, "आज जेवता जेवता आईंचं ठरवून टाकू." आईंचं म्हणजे माझं. मी इथे एकटीने राहायचं, की त्यांच्या शहरात जाऊन, त्यांच्या हॉलमधल्या सोफ्याचा रात्री पलंग करून उरलेलं आयुष्य काढायचं. जावई बरेच दिवस मागे लागले होते. माणूस सोन्यासारखा. त्यांची आई ते लहान असतानाच गेली, आणि ती राहिलेली हौस माझ्यावर फेडायची असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. बयो त्यावर काही बोलायची नाही, पण फोनवर माझी उलटतपासणी घ्यायची. जिना चढतेस ना? खालच्या फळीवरचे डबे काढतेस ना? मांडी घालून बसता येतं ना? मला वाटायचं, पुरावे गोळा करतेय बया. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. "अगं, आत्ताच फरशी पुसून उठले," असं ठोकून द्यायचे.

खालच्या फळ्या मी केव्हाच रिकाम्या केल्या होत्या. घरात लागणारं सगळं हळूहळू कमरेच्या वर आलं होतं. हातातून काही पडलं तर कोणी येईपर्यंत ते जमिनीच्या मालकीचं. मागे एकदा ओट्याखालची गळती बघायला म्हणून बसले ती बसलेच. शेजारीण भांडं परत करायला आली, तिने ओढलं, तेव्हा उठले. तिला शपथ घालून गप्प केलं होतं. मी शाळेत व्यायाम शिकवायचे हो! उशिरा आलेल्या पोरांना उठाबशा काढायला लावायचे आणि कमरेवर हात ठेवून मोजायचे. त्या बाईची ही गत. लाज वाटायची, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. माझं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक चांगली खिडकी. पण तिथे मी उशिरा उठले तरी कोणी कपाळाला हात लावून बघत नाही, आणि रात्री दूध-पाव खाऊन झोपले तरी कोणाला वाईट वाटत नाही. ते मला सोडायचं नव्हतं.

तेव्हा बसल्या बसल्या मी बेत केला. चौथऱ्याची कड तीन उशा पलीकडे होती. जेवण झालं की ही दोघं कधीतरी हात धुवायला, गाडी काढायला जातीलच. गेली की रांगत कडेपर्यंत जायचं, पाय खाली सोडायचे, की सुटले. परत येतील तेव्हा मी पर्स खांद्याला लावून उभी. तोवर एकच काम, खात राहायचं.

"अजून काय काय मिळतं इथे?" मी विचारलं.

जावयांना आनंद झाला. टेबलावर एक बटण होतं, ते दाबलं की वाढणारी मुलगी यायची. काडीला टोचलेले कोंबडीचे तुकडे आले, मशरूम आले, मक्याची कणसं आली, भाताच्या मुटकुळ्यांवर माशाची पट्टी ठेवलेली सुशी आली. जावई चिमट्याने एकेक तुकडा उलटत होते आणि झाला की पहिला माझ्या ताटलीत. काड्यांनी खाणं मला जमत नव्हतं, पण आज ते पथ्यावर पडलं. एक मशरूम उचलायला मी एवढा वेळ घेतला की तो दोनदा गार झाला.

"बघ, आईंना किती आवडलंय," जावई बयोला म्हणाले. "एकट्या माणसाला करून खायचा कंटाळा येतो गं. मी म्हणत नव्हतो?"

म्हणजे नाही खाल्लं तर उठावं लागणार, आणि खाल्लं तर मी उपाशी राहते हे सिद्ध होणार. मी मुकाट्याने आणखी एक कणीस मागवलं.

बयो मात्र जेवत नव्हती. तिचं सगळं लक्ष माझ्या पायांवर. मी मांडी मोडली की बघायची, पाय लांब केला की बघायची. माझा संताप होत होता. पोटची पोर, आणि आईवर पहारा करतेय! एकदा मी सहज वजन डाव्या गुडघ्यावर टाकून पाहिलं. गुडघ्याने आतून अशी काही कळ मारली की डोळ्यांत पाणी आलं.

"धूर जातोय का डोळ्यांत?" जावयांनी विचारलं.

"हो ना."

त्यांनी लगेच नळ खाली ओढून माझ्या बाजूला वळवला. इतक्या चांगल्या माणसाला फसवणंही सोपं नसतं.

त्यात तो हिरवा चहा. कप रिकामा दिसला की ती मुलगी भरून जायची, आणि मी घाबरले की पीत सुटते. थोड्या वेळाने चहाने आपला मार्ग शोधला. आता पाय बधिर, पोट तट्ट, आणि वर बाथरूमची घाई. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. मी विहिरीतच बसले होते आणि वरून चहा ओतला जात होता. दाराशी जागेसाठी ताटकळणारी माणसं आमच्या टेबलाकडे बघायला लागली होती.

तेवढ्यात जावयांचा फोन वाजला. आत गलका फार, म्हणून ते बाहेर गेले. माझा जीव भांड्यात पडला.

"बयो, तूही हात धुऊन ये."

"नको. थांबते मी."

"अगं, चिकट झालेत हात."

"आई, मी थांबते म्हटलं ना."

वाढणारी मुलगी ताटल्या उचलायला आली. माझा तिरपा झालेला अवतार बघून तिला दया आली असावी. "आजी, पाय अवघडले का? पुढच्या वेळी खुर्च्यांचं टेबल घ्या. सकाळी फोनवर मी सांगितलं होतं, मोठं माणूस असेल तर खुर्च्या ठेवते म्हणून. पण या ताई म्हणाल्या, नाही, खालचीच बैठक पाहिजे."

ती ताटल्या घेऊन गेली. बयो शेगडीकडे बघत राहिली.

"तू मला मुद्दाम खाली बसवलंस?"

"हो."

"परीक्षा घेतेस आईची? नापास करायला?"

"पास करायला!" ती एवढ्या मोठ्याने बोलली की कागदाच्या भिंतीपलीकडची माणसं गप्प झाली. मग तिने आवाज खाली आणला. "यांच्यासमोर तू नुसती उठून उभी राहिली असतीस ना, तर विषय मिटला असता. मी यांना रोज सांगतेय, आईला काही धाड भरलेली नाही, ती फरशी पुसते, खाली बसून सगळं करते. हे म्हणाले, आपण बघू आणि ठरवू. म्हणून म्हटलं, बघाच."

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे मी यायला नको आहे तुला?"

टेबलावरचा ओला रुमाल घेऊन ती बोटं पुसत राहिली, चिकट नव्हती तरी.

"मागच्या वेळी तू राहायला आली होतीस," ती म्हणाली, "तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून नुसती बसून राहायचे. एकदा मी कांदा चिरत होते आणि तू मागे येऊन उभी राहिलीस. काही बोलली नाहीस. तरी मी सुरी खाली ठेवून दिली. ऑफिसात एवढी माणसं माझं ऐकतात, आणि तू घरात असलीस की मी परत मैदानावर उभी असते, तू मोजतेयस. तू मला हवी आहेस गं, आई. खरंच. पण फोनवर. एका घरात नाही जमणार मला. आणि हे मी यांना कुठल्या तोंडाने सांगू? स्वतःची आई नको म्हणणारी बाई, असंच ना?"

कोणी कानाखाली वाजवावी तसं झालं मला. दुखलं, फार दुखलं. आणि त्याच वेळी मनात आलं, कांदा ती खरंच जाड चिरत होती. न बोलता मी तेच म्हटलं होतं आणि तिला ते ऐकू गेलं होतं. खोटं कुठे बोलत होती पोर?

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मला जायचं नव्हतं आणि तिला मी नको होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्हा मायलेकींचं एकमत झालं होतं.

"मग रडतेस काय मूर्खासारखी?" मी म्हटलं. "ते यायच्या आत उठव मला."

तिने चमकून वर बघितलं. "तुला उठता येत नाही?"

"आलं असतं तर एवढी कणसं खाल्ली असती का मी?"

ती हसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मग पटकन उठून माझ्यासमोर आली, दोन्ही मनगटं धरली. "एक, दोन, तीन." मी ढुंगण चार बोटं उचललं आणि परत आपटलं.

"परत. पाय पोटाशी घे. आई, जोर लाव."

"लावतेय ना!"

"दारात आलेत ते. फोनवर बोलतायत अजून. आई, ऊठ ना गं. एकदाच. एकदाच ऊठ."

एवढ्या गयावया करून ती लहानपणीही माझ्याकडे काही मागत नसे. मी दात आवळले, डोळे मिटले, होता नव्हता तेवढा जीव त्या दोन गुडघ्यांत ओतला. उठले. अर्धी उठले. क्षणभर वाटलं, जमलं. बयोचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर होता आणि तो उजळत होता. मग डावा गुडघा वळला, मी तिच्या अंगावर गेले, आणि दोघी चटईवर आडव्या झालो.

जावई बुटांसकट चौथऱ्यावर धावत आले. "अहो आई! मला हाक मारायची ना!" त्यांनी मला काखेत हात घालून उचललं, गादीची वळकटी उचलावी इतक्या सहज. उभं केलं, पदर नीट केला. "लागलं नाही ना? बाथरूमला जायचंय का? चला, मी नेतो. सांगायचं हो. आपल्या माणसांपासून काय लपवायचं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. येईना. एवढ्या प्रेमाने कोणी मला किती वर्षांत धरलं नव्हतं.

बाथरूमहून मला चौथऱ्याच्या कडेवर आणून बसवलं तोवर त्यांचं सगळं ठरलं होतं. "झालं तर मग. आई आपल्याकडे. हट्ट चालायचा नाही आता. सामानाची गाडी मी उद्याच बघतो. सोफा काढून टाकू, पलंगच आणू उंच. हिला केवढी काळजी होती तुमची, सारखी फोन करायची. आता डोळ्यांसमोर राहाल."

"हो," बयो म्हणाली.

ती खाली वाकून माझ्या पायात बूट चढवत होती. तिची मान खाली होती, पण खांदे हलत होते, आणि एक थेंब माझ्या मोज्यावर पडला. जावयांना तो दिसला. त्यांनी मायेने तिच्या पाठीवर हात फिरवला.

"बघा आई," ते म्हणाले, "आनंद मावत नाहीये हिचा."

"हो ना," मी म्हटलं. "लहानपणापासून अशीच हळवी आहे."