पाणकोंबडीचा चेहरा

या, पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या. देवाचं नाव लांबून ऐकलं तरी पोचतं. माणसाची गोष्ट ऐकायला मात्र जवळ बसावं लागतं. आज एका चेहऱ्याची सांगतो.

एक चित्रकार बाई होती. लहान मुलांसाठी थोरांची चित्रमय चरित्रं काढायची. राजे झाले, शास्त्रज्ञ झाले. सगळे उजळ, नाकीडोळी नीटस. यंदा मात्र तिने हट्टाने एक नदीकाठची बाई निवडली. बुडणाऱ्यांना बाहेर काढण्यात तिचा जन्म गेला. लोक तिला पाणकोंबडी म्हणायचे. काळीभोर, गालावर भाजल्याचा डाग. आता ती नाही, आणि फोटो तर कुणी कधी काढलाच नाही. पाणकोंबडीच्या धाकट्या बहिणीने सांगितलं तसं चित्र काढलं.

छापखान्यातून नमुन्याचं पान आलं. चेहरा गोरा, डाग गायब.

"हे काय केलंत?"

"चेहरे आम्ही नेहमीच उजळतो, बाई," छापणारा म्हणाला. "सांगावं लागत नाही."

तिने भांडून दुसरं पान काढून घेतलं, मूळ रंगाचं. मग संपादक अडले. "ताई, असं पुस्तक दुकानात कुणी हातात घेत नाही हो. आपली रीत आहे ना, घरच्यांच्या होकाराशिवाय छापायचं नाही? दोन्ही दाखवा. बहीण म्हणेल ते पक्कं."

चित्रकार बाई थकली होती. बोलून बोलून घसा बसला होता. दोन्ही पानं घेऊन ती धाकटीचा जिना चढली.

धाकटीने गोरं पान उचललं. "अगंबाई! किती गोड दिसतेय."

"मावशी, अशा होत्या का त्या?"

"नव्हती म्हणून तर! जन्मभर काळी-काळी ऐकलं तिने. जिचं पोर वाचवलं, ती आईसुद्धा म्हणाली, 'रंगावर जाऊ नये म्हणा.' पुस्तकात तरी सुटू दे की तिला."

"बरं," चित्रकार बाई म्हणाली आणि काळं पान गुंडाळू लागली.

"थांब. ते बघू दे."

चित्रात पाणकोंबडी नुकती पाण्याबाहेर येत होती. धाकटी बघत राहिली. मग एकदम कडाडली, "आलीस भिजून? केस पूस आधी! छातीत कफ धरेल म्हणून कितीदा सांगायचं? ऐकशील तर शपथ! तुझ्यामागे मी..."

तिने गोरं पान पालथं घातलं.

"ही चांगलीय गं. पण हिला रागवता येत नाही मला."

तर पुस्तक निघालं. आत चेहरा देवाने दिला तसाच आहे, डागासकट. मुखपृष्ठावर मात्र संपादकांनी ती पाठमोरी घेतली. त्यासाठी भांडायला चित्रकार बाईत त्राण उरलं नव्हतं. तिला बोल लावू नका.

पाणकोंबडीला आता मुलं ओळखतील. पण लहानग्याला मांडीवर घेऊन ते पान उघडाल, तेव्हा धाकटीलाही आठवा. दर खेपेला ती कोरडं फडकं घेऊन काठावर उभी असायची. तिचं पुस्तक कुणी काढणार नाही.