तीन वाजताचं दार

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आलेला. आमची पाच इमारतींची वसाहत. एरवी लिफ्टमध्ये शेजारी उभा असलेला माणूस रडतोय की हसतोय, हे बघायला कुणी मान वर करत नाही. तीच माणसं आज मांडीला मांडी लावून बसलेली. समोर गादीवर आरपार बाबा.

भिंतीच्या आरपार बघतात म्हणून हे नाव. भक्तांनीच ठेवलं म्हणे.

"चौथ्या मजल्यावरचा सुतार कुठंय?" बाबांनी डोळे मिटूनच विचारलं.

सुतार उठला.

"शरीर इथे, मन समुद्रापार! परदेशी जायची ओढ लागलीय. बायकोला अजून बोलला नाहीस."

बायको शेजारीच होती. तिने नवऱ्याकडे असं काही बघितलं, की समुद्र राहिला बाजूला, त्याला हॉलचं दार गाठणं कठीण झालं असतं. सुताराच्या डोळ्यांत पाणी. "खरंय बाबा! कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता!"

"आरपार! आरपार!" हॉल दणाणला.

"आम्हाला भिंत नाही, कुलूप नाही, कडी नाही," बाबा सुरात म्हणाले. "तुम्ही लपवता, आम्ही बघतो. तुम्ही एकटे नाही, लेकरांनो!"

या शेवटच्या वाक्यावर निम्मा हॉल मुसमुसायला लागायचा. बाबांना आपलं गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं.

त्यांच्या उजव्या हाताला पट्टशिष्य बसायचा. वायरवाला. पाचही इमारतींना इंटरनेट पुरवणारा. त्याची मशिनं जिन्याखालच्या खोलीत चोवीस तास घरघरत असायची.

मी दाराशी उभा होतो. फाटकाजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं उघडून बघत शिकलो. वस्तू उघडल्याशिवाय माझा तिच्यावर विश्वास बसत नाही. माणसांवर तर त्याहून नाही. त्यामुळेच असेल, घरात एकच ताट आहे.

"शिवणवाली आलीय का?" बाबा म्हणाले.

मी दचकलो. शिवणवाली म्हणजे माझी ताई. सख्खी थोरली बहीण. माझ्या दोन मजले वर राहते, एकटीच. दाजी जाऊन सहा वर्षं झाली. लोकांचे कपडे लहानमोठे करून देते.

"रोज दुपारी तीन वाजता तू एका दवाखान्याच्या दारात जातेस आणि माघारी फिरतेस. बरोबर?"

ताईच्या हातातली पिशवी गळून पडली.

"जाऊ नकोस त्या दारात! सुरीला चटक लागते, बाई. एकदा कापलं की कापतच सुटतात. सहा महिने धीर धर. आम्ही आतल्या आत विरघळवू. आम्ही आहोत ना तुझ्यासोबत!"

ताईने हात जोडले. इतकं निवांत तोंड तिचं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. शिलाई मशीन झाकलेलं. खुर्ची एकच, म्हणून मी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसलो.

"काय झालंय ताई?"

"छातीत गाठ आहे. दीड महिना झाला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला काय सांगायचं रे? तू ऐकतोस कुठे? तू खोडतोस. मी म्हणाले झोप लागत नाही, तर तू म्हणालास, दुपारी झोपत जाऊ नकोस. मी म्हणाले घर खायला उठतं, तर म्हणालास, घराला तोंड असतं का? बाबांनी निदान बघितलं माझ्याकडे."

मी गठ्ठ्यातला एक सुटा दोरा ओढत बसलो. एरवी जगाला मी फटाफट उत्तरं देतो.

"दवाखान्यात कुणाबरोबर जायचीस?" मी विचारलं.

"जाते कुठली! घरच्या वायफायवर, मोबाइलमध्ये त्या कॅन्सरच्या दवाखान्याची साइट उघडायची. तीनला मशीन थांबवलं की रोज. तपासणीची वेळ मागायचं बटण आहे ना, तिथवर जायचं आणि बंद करायचं."

"गाठ कुठल्या बाजूला आहे, ते बाबांनी सांगितलं?"

"निघताना विचारलं मी. म्हणाले, बाजू शरीराला असते, आत्म्याला नसते."

मी उठून उभा राहिलो. बाबाला दार माहीत, घड्याळातली वेळ माहीत. दारामागे काय, ते माहीत नाही. आणि मला गेल्या महिन्यातली गोष्ट आठवली. रस्ता खोदताना वायर तुटली आणि वसाहतीतलं नेट दोन दिवस बंद पडलं. नेमके तेच दोन दिवस बाबांनी मौन धरलं होतं! फाटकावरचा रखवालदार बटणांचा फोन वापरतो. त्याला बाबा दर वेळी एवढंच सांगायचे, "तुझं मन निर्मळ आहे, जा." देवाची दृष्टी वायरीला बांधलेली असते होय?

"ताई, टॅक्सीने जातेस तेव्हा तू कुठे उतरलीस हे टॅक्सीवाल्याला कळतं ना?"

"कळणारच."

"आत जाऊन काय बोललीस ते?"

"ते कसं कळेल?"

"वायरवाला म्हणजे तो टॅक्सीवाला. कुठल्या घरातून कुठली साइट किती वाजता उघडली, हे त्याच्या मशीनला दिसतं. आतलं पान, आतला मजकूर बहुतेक दिसत नाही. तो यादी देतो, बाबा डोळे मिटतो."

"तू परत खोडतोयस," ताई म्हणाली.

जिभेवर आलेलं मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"बरं, नाही खोडत. मला आठ दिवस दे. तुझ्या मोबाइलमध्ये व्हीपीएन घालतो. म्हणजे टॅक्सीवाला तुला रोज एका मोठ्या बसस्थानकावर सोडणार. तिथून पुढे तू कुठे गेलीस, त्याला पत्ता नाही. तू रोज तीनला तेच दार उघड. तरीही बाबाला दिसलं, तर मी जन्मभर त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. नाही दिसलं, तर दवाखान्यात जायचं."

तिने मोबाइल माझ्या हातात ठेवला. "चालेल."

माझ्या स्वतःच्या घरच्या नेटवर मात्र मी व्हीपीएन घातलं नाही. रोज सकाळी दहाला बसून दोन साइट उघडायच्या. एक पाळणे विकणारी, दुसरी बाळांसाठी नावं सुचवणारी. वय बावन्न, लग्न नाही. मनापासून बघत होतो.

आठव्या दिवशी हॉल पुन्हा गच्च. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसलो. बाबांनी मला हेरलं. नास्तिकाला वाकवण्यात जास्त मजा असते.

"दुरुस्तीवाले! तुम्ही आम्हाला मानत नाही. पण आम्ही तुमचं सुख बघतो. तुमच्या घरी पाळणा हलणार!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुणाचा हो बाबा?" मी विचारलं. "घरात मी आणि सोल्डरचं मशीन."

हशा पिकला. वायरवाल्याने मान खाली घातली. बाबा कसलेले गडी, घाईघाईने ताईकडे वळले.

"बघा या माउलीकडे! आमचं ऐकलं. आठ दिवसांत त्या दाराकडे फिरकलीसुद्धा नाही. म्हणून तर चेहरा उजळलाय!"

ताई उठली. तिचा आवाज बारीक आहे, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"बाबा, मी रोज जात होते."

"काय?"

"रोज, तीन वाजता. परवा बटण दाबलं. गुरुवारची वेळ मिळालीय. तुम्हाला दिसलं नाही?"

परवाचं मलाही माहीत नव्हतं.

बाबा काहीतरी ग्रहदशेबद्दल बोलायला लागले, पण ऐकायला कुणाला वेळ? मी सगळं फोड करून सांगितलं आणि लोक उठले ते थेट जिन्याखालच्या खोलीत. वायरवाला किल्ली सापडत नाही म्हणाला. सुताराने बिजागरीच काढली.

पडद्यावर यादी होती. घराचा नंबर, वेळ, साइटचं नाव. कुणाच्या घरातून लग्न जुळवणारी साइट, दिवसातून अकरा वेळा. कुणाच्या घरातून नोकऱ्यांची. कुणीतरी दारू सोडवणाऱ्या संस्थेची साइट पहाटे पाचला उघडत होतं. माना वर होऊन नंबर शोधायला लागल्या. "बाराशे दोन म्हणजे तो...?"

मी पडदा बंद केला.

"अहो, वाचू द्या की!"

"वाचलंत, तर तुम्हीही बाबाच. फक्त गादी नाही." मी ओरडलोच. "या वायरवाल्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करायचीय, तिथे यादी दाखवू. तुम्हाला शेजाऱ्याचं दुःख कळून घ्यायचंय ना? मग जा, त्याची बेल वाजवा!"

गडबडीत बाबा हळूच सटकले. तीस-चाळीस जोडांतून स्वतःच्या चपला त्यांना बरोबर दिसल्या.

वाटलं, संपलं. कसलं काय! दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर रांग. "भाऊ, ते कवच आम्हालाही बांधा." एका आजोबांनी विचारलं, कुठल्या दिशेला तोंड करून चालू करायचं? एक काकू मोबाइल कपाळाला लावून उभ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणून सरळ सांगतो. व्हीपीएन म्हणजे ताईत नाही. तुमचं नेट देणाऱ्याला जे दिसत होतं, ते आता व्हीपीएनवाल्या कंपनीला दिसतं. म्हणजे विश्वास एकावरून काढून दुसऱ्यावर ठेवायचा, एवढंच. मग तो दुसरा कोण, याद्या ठेवतो का, हे तपासा. फुकट देत असेल, तर तो कशावर जगतो, ते विचारा. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर पाया पडण्याआधी हे त्याला कुठून कळलं असेल, ते शोधा. वाट सापडते. बहुतेक वेळा ती तुमच्याच घरातून निघालेली असते.

आणि एक मलाही शिकावं लागलं. बाबाची वायर तोडणं सोपं होतं. पण त्या वायरीच्या टोकाला माझी बहीण बसली होती, दीड महिना, रोज तीन वाजता. त्या वेळी मी दोन मजले खाली, दुकान मिटून घोरत होतो. मी विचारलं असतं, तर बाबाला सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

गुरुवारी दवाखान्यात खिडकीमागच्या बाईने विचारलं, "सोबत कोण आहे?"

ताईने उत्तर द्यायला वेळ लावला. सहा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

मी पुढे झालो. तोंड उघडणार होतो, पण थांबलो. तिला बोलू दिलं.

"भाऊ आहे," ती म्हणाली.